कागदांची पिशवी

आगरदांडा

चि. नातीस,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, ओपीडीत काही बायका दर पंधरा दिवसांनी नवं दुखणं घेऊन येतात. सिस्टर म्हणतात, त्यांना सवयच असते." त्या रात्री मला झोप लागली नाही. आरोग्यसेविका म्हणून हे वाक्य मी कितीदा बोलले आहे, आणि सख्ख्या बहिणीबद्दलही बोलले आहे.

तुझी मावशीआजी तुला आठवते ती खुर्चीत बसलेलीच. सव्विसाव्या वर्षी ती सुपारीच्या वाडीत दिवसभर खपायची आणि संध्याकाळी धक्क्यावरून मासळी आणायची. एका लावणीला म्हणाली, "ताई, पाय जड झालेत गं." मी लोहाच्या गोळ्या दिल्या. मग हाताला मुंग्या येऊ लागल्या. कुणी मानेचा मणका सांगितला, गळ्याला पट्टा आला. चक्कर आली तर बीपी लो. एकदा उजव्या डोळ्याला धुरकट दिसू लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. वीसेक दिवसांत आपोआप निवळलं, तोवर चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. ती उदास राहू लागली तेव्हा सगळ्यांनी सासरकडे बोट दाखवलं. दर वेळी डॉक्टर वेगळा, कागद वेगळा. या दुखण्यांच्या आठव्या वर्षी एस.टी.तून उतरताना पाय उचलेना. रेवसहून लाँचने मुंबईला नेलं, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ते कुरतडते. कुठला तंतू उघडा पडेल त्यावर लक्षण ठरतं, म्हणून आज डोळा, उद्या पाय, परवा लघवी. मधे महिनोन्महिने बरं वाटतं आणि सगळे विसरतात.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हेलन ट्रेमलेट यांच्या गटाने हाच माग उलटा काढला. ज्यांना पुढे एमएस झाला त्यांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या, त्याच भागातल्या लोकांच्या नोंदींशेजारी ठेवल्या. ही जोडणी मला फार शहाणपणाची वाटते. तरण्या बाईच्या दवाखान्याच्या फेऱ्या बाळंतपणामुळे एरवीही जास्तच असतात, त्यांची तुलना पुरुषाशी करून काय कळणार? २०१७ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त त्यांनी दाखवलं की आजाराचा पहिला झटका यायच्या पाच वर्षं आधीच डॉक्टरकडच्या फेऱ्या जवळपास पावपट जास्त होत्या. शेवटच्या वर्षी त्या दुपटीच्या आसपास गेल्या. २०२५च्या त्यांच्या अभ्यासात तर खुणा पंधरा वर्षं मागे गेल्या. आधी थकवा, दुखणी, चक्कर, चिंता, उदासी यांसाठी साधा डॉक्टर. मग मानसोपचारतज्ज्ञ. आठ-नऊ वर्षं आधी डोळ्यांचा डॉक्टर. हे वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबत होते. आमच्या घरातली आठ वर्षं कुणी परक्या देशात लिहून ठेवली होती.

हा गोऱ्यांचा आजार, असं माझ्या उमेदीच्या काळात सर्रास बोललं जाई. पण मुंबईच्या पारशी वस्तीत डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला होता आणि १९८८ साली आकडे छापले होते: लाखामागे वीसहून अधिक रुग्ण. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया तर १९८५ सालीच मुंबईत उभी राहिली. समुद्रापलीकडे एवढं चाललेलं असताना इथे आमच्या कानावर त्यातलं काहीच नव्हतं.

बायकांत हा आजार पुरुषांच्या दुपटी-तिपटीने दिसतो, बहुधा विशी ते चाळिशीत. म्हणजे नेमका ज्या वयात बाईच्या थकव्याला लेकरं, शेत, सासू अशी कारणं तयारच असतात त्या वयात. पंचेचाळिशीच्या बाईला पाळी जायचं वय म्हणून परत पाठवतात. पुरुषांची गत निराळी. चाळिशीच्या आसपास वा नंतर हळूहळू वाढत जाणारा एक प्रकार आहे, त्यात पुरुष आणि बायका जवळजवळ सारख्याच संख्येने सापडतात. पण बोटीवरचा खलाशी एक पाय ओढत चालतो, 'वात आहे' म्हणतो आणि केसपेपर काढतच नाही. त्याच्यामागे उलटून वाचायला कागदच उरत नाही.

तरी थकलेल्या प्रत्येक बाईला एमएस आहे असं समजून तिला घाबरवू नकोस. बहुतेकींना रक्तक्षय असतो, थायरॉइड असतं, झोप पुरत नसते. एमएसच्या या आधीच्या काळाची खूण पटवणारी एकही चाचणी अजून नाही. पण चौथ्यांदा आली तर तिला विचार, "जुने कागद आणलेत का?" एका डोळ्याने धुरकट दिसून आपोआप बरं झालं होतं का? गरम पाण्याने अंघोळ केल्यावर पाय जास्त लटपटतात का? तारखा लावून डॉक्टरांसमोर ठेव आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचं का, हे तूच विचार. आज औषधं आहेत, आणि लवकर सुरू केलेली औषधं जास्त साधतात. तुझ्या मावशीआजीच्या वेळी नाव कळेपर्यंत पाय गेला होता.

कॅनडात प्रत्येक फेरीची नोंद सरकारी दप्तरात जमा होते. आपल्याकडे ती प्लास्टिकच्या पिशवीत असते, पावसात भिजलेली, कधी चुलीत गेलेली. तुझ्या मावशीआजीची पिशवी माळ्यावर आहे. दिवाळीला येशील तेव्हा काढून ठेवते. कागद तारखेने लावले आहेत. सगळ्यात वरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे: अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या, तीस.

तुझी आजी