उंबऱ्यापर्यंत आलेली पिशवी



इंग्लंडच्या ईशान्येस गेट्सहेड नावाचे शहर आहे. तेथे १९८४ सालच्या मे महिन्यात जेन स्नोबॉल या बहात्तर वर्षांच्या बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटची बटणे दाबून मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्यांना बाहेर पडणे अवघड झाले होते. मायकल ऑल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये शोधलेली युक्ती तेथे वृद्ध व अपंग नागरिकांसाठी वापरून पाहण्यात आली होती. घरबसल्या किराणा मागवण्याच्या ज्या सोयीला आपण आज धडधाकट माणसांचा आळस म्हणून नावे ठेवतो, तिच्या आरंभी अशी एक न चालू शकणारी स्त्री उभी आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे वाण्याला यादी पाठवावी आणि दुकानातल्या पोऱ्याने गोणी घरी आणून टाकावी, ही रीत जुनीच आहे. नवे आहे ते एवढेच की, आता मालाची किंमत व प्रकार समोर पाहून निवड ग्राहकाला स्वतः करता येते. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु ती क्षुल्लक नाही.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका बडोद्यास तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. इमारतीस लिफ्ट नाही. एकदा पडल्यापासून गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि बाईंचे जग चार खोल्यांपुरते उरले. शेजाऱ्यांची मुले भाजी आणून देत. शनिवारी मी जात असे, तेव्हा किराणा नेत असे. बाई नेहमी मोजके सांगत. कोमेजलेली मेथी आली तरी "छान आहे हो" म्हणून ठेवून घेत. पुढे भाचीने त्यांना मोबाइलवरून सामान मागवण्यास शिकवले. पहिल्याच दिवशी त्यांनी काय मागवले असेल? कोवळी गवार, एक नारळ आणि त्यांच्या आवडीच्या वासाच्या साबणाच्या दोन वड्या. मी चकित होऊन विचारले, "बाई, हा साबण मला कधी सांगितला नाहीत?" त्या म्हणाल्या, "अरे, जो फुकट ओझे वाहतो, त्याला अमुकच साबण आण असे कसे सांगायचे?"

वाचकहो, त्या वाक्याने मी खजील झालो. तीन वर्षे मी ज्याला सेवा म्हणत होतो, ती स्वीकारताना एक स्वाभिमानी स्त्री आपली आवडनिवड गिळत होती. घेणाऱ्याला जेव्हा नाही म्हणण्याची मुभा नसते, तेव्हा त्याच्या आभारांत कृतज्ञता किती आणि नाइलाज किती, हे देणाऱ्यास कळत नाही. म्हणून "अशा सोयींनी माणूस माणसाला पारखा होतो" असा निवाडा घाईने देऊ नये. तो निवाडा बहुधा ज्याचे पाय शाबूत आहेत, तोच देत असतो. २०२० सालच्या टाळेबंदीत आपण सर्वांनीच काही आठवडे दारापर्यंत येणाऱ्या पिशवीची वाट पाहिली. आपली ती कोंडी उठली. पुष्कळांची उठत नाही. २०११च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लक्ष नोंदली गेली, त्यांपैकी ५४ लक्षांहून अधिक व्यक्तींचे अपंगत्व हालचालीचे होते. आणि वार्धक्यामुळे जिना न उतरू शकणारी कितीतरी माणसे स्वतःला अपंग म्हणवूनही घेत नाहीत.

परंतु कथा येथे संपत नाही. सात-आठ महिन्यांनी मी बाईंकडे गेलो, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "आता कुणाला काही सांगावे लागत नाही. आता कुणी येतही नाही." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पण न येणाऱ्यांत मीही होतो. किराणा पोहोचवण्याचे काम उरले नाही, तेव्हा माझे शनिवारही नकळत बंद पडले होते. मग मी इतकी वर्षे जात होतो तो कोणासाठी? बाईंसाठी की पिशवीसाठी?

दोष यंत्राचा, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. यंत्राने फक्त ओझे उचलले. ओझे उचलले गेल्यावर आपल्या भेटीत काही उरले नाही, हे त्याने उघडे केले. गरज भागवणे आणि सोबत करणे ही दोन निरनिराळी ऋणे आहेत. पहिले दुसऱ्या कोणी फेडले म्हणून दुसरे फिटत नाही. उलट ज्याच्याशी आता देण्याघेण्याचा संबंध नाही, त्याच्याकडे बरोबरीच्या नात्याने जाता येते.

आणखी एका माणसाचा विचार केल्यावाचून हा प्रश्न पुरा होत नाही. बाईंच्या न चालणाऱ्या पायांच्या जागी कोणाचे तरी चालणारे पाय तीन जिने चढतात. पाठीवर पिशवी, डोक्यात मिनिटांचा हिशेब, खाली रस्त्यात उभी केलेली दुचाकी. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची कायद्याने प्रथमच व्याख्या झाली. पण उंबऱ्यावरचे वर्तन कायदा ठरवत नाही, ते आपण ठरवतो. बाई पाच-पाच किलोंची पोती एकदम मागवत नाहीत, आणि दाराशी पाण्याचा तांब्या ठेवतात. "माझे गुडघे गेले, त्याचे जाऊ नयेत," असे त्या म्हणतात. ज्याला जिन्याची किंमत ठाऊक आहे, त्यालाच हे सुचते. आपल्याला पायांची अडचण नसताना केवळ कंटाळ्यापोटी कोणाला जिने चढायला लावताना आपणही एवढे तरी आठवावे.

आता एक धोका सांगतो, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. "सगळे घरपोच मिळते ना, मग त्यांना बाहेर येण्याची गरज काय?" असा विचार हळूच रूढ होऊ शकतो. दुकानाच्या पायरीला उतार बांधायचा नाही, इमारतीला लिफ्ट बसवायची नाही, बसची पायरी उंचच ठेवायची, आणि सामान मात्र तत्परतेने दारात टाकायचे. मग सोय हीच कैद होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असे बंधन घातले आहे. घरपोच सेवा ही ज्याला बाहेर जाता येत नाही त्याच्यासाठी आहे. त्याला बाहेर येऊ न देण्याचे निमित्त म्हणून ती नाही. बाईंना गवार हवी होती हे खरे. पण मंडईत उभे राहून ती मोडून पाहण्याचा आनंदही त्यांना हवा आहे.

शिवाय सोय सर्वांच्या दारी पोहोचलेली नाही. कोणाकडे तसा फोन नाही, कोणाला अक्षरे दिसत नाहीत, कोणी स्वस्त धान्य दुकानावर अवलंबून आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडूने सत्तरी ओलांडलेल्यांना व दिव्यांगांना शिधा घरी पोहोचवण्याची योजना सुरू केली. पैसेवाल्याच्या चैनीला जे वाहन मिळते, ते गरिबाच्या गरजेलाही मिळावे, हा यातला न्याय.

तेव्हा, वाचकहो, दोन गोष्टी करून पाहा. आपल्या इमारतीत, आळीत कोणी घरात अडकले असेल, तर त्याला स्वतः निवड करता यावी म्हणून हवे तर फोन वापरण्यास शिकवा; यादी मात्र त्याचीच असू द्या. आणि ती पिशवी दुसऱ्या कोणी पोहोचवल्यावर, तुम्ही एकदा रिकाम्या हाताने त्या दाराची कडी वाजवा.

मी पुन्हा शनिवारी जाऊ लागलो आहे. पहिल्या दिवशी बाईंनी दार उघडून माझ्या हातांकडे पाहिले आणि विचारले, "काही आणले नाहीस?" मी म्हणालो, "नाही." त्या हसल्या, आणि त्यांनी मागवलेल्या गवारीची भाजी मला वाढली.