दान कीं ऋण?

परदेशांतील दुःखितांस सरकारी तिजोरींतून साह्य करावें काय, याविषयीं अमेरिकेंतील ख्रिस्ती समाजांत दोन पक्ष आहेत. दान स्वेच्छेचें असेल तरच पुण्य. कर पडला सक्तीचा, त्यांत धर्म कसला, असें एक पक्ष म्हणतो. ख्रिस्ताच्या दृष्टांतांतील शोमरोन्यानें दोन दिनार स्वतःच्या पदरचे दिले, हें खरें. परंतु दृष्टांत पुढेंही वाचावा. जखमी वाटसरूस उतारशाळेच्या रक्षकाच्या हवालीं करून, अधिक खर्च झाल्यास परततांना देईन, असें वचन त्यानें दिलें. दयेनें आरंभिलेलें कार्य असें वचनानें बांधलें जातें.

२००३ सालीं अध्यक्ष बुश यांनीं एड्सनिवारणार्थ पांच वर्षांत १५ अब्ज डॉलर खर्चण्याची योजना मांडली. तीस अनेक ख्रिस्ती पुढाऱ्यांचा पाठिंबा होता. या रोगाचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. तो भार केवळ वर्गणीस पेलणारा नव्हे. २०२५ सालीं मात्र परदेशी साह्यास मोठी कात्री लागली.

करानें करदात्यास पुण्य लागत नसेल, न लागो. रोग्यापुढें प्रश्न प्राणांचा आहे. आमच्या मतें, आरंभीं जें दान असतें, तेंच रोगी त्यावर विसंबला म्हणजे ऋण होतें. आणि सक्तीनें फेडलें म्हणून ऋणफेडीस कोणी अधर्म म्हणत नाहीं.