मोटर कुणी चालू केली?

विहीर एक, हिस्सेदार चार आणि मोटरी तीन. प्रवरेच्या काठाला अशा विहिरी पुष्कळ. पावसाळ्यात कुणी कुणाला विचारत नाही. मार्च उजाडला, पाणी तळाला गेलं, की ज्याची मोटर आधी सुरू होईल त्याच्या उसाला पाणी. मागून येणाऱ्याच्या पाइपातून नुसती हवा. त्यात शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात अंथरुणातून उठायचं, बॅटरी घ्यायची, बिबट्याच्या भीतीने खोकत-खाकरत बांधावरून जायचं आणि पेटीचं हिरवं बटण दाबून परत यायचं. ज्याने हे कधी केलेलं नाही, त्याने आपोआप चालणाऱ्या यंत्रांना नावं ठेवू नयेत.

अप्पांनी हे बरीच वर्षं केलं. मग पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याला बिऱ्हाड थाटलं, शेतावर बाळूला सालाने ठेवलं आणि विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड, घरून फोन लावायचा, पलीकडून यंत्रातली बाई सांगते, मोटर चालू झाली. निदान दुकानदाराने तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात कधी सिमचा रिचार्ज संपलेला असायचा. रिचार्ज मारला तर रेंज नसायची. रेंज आली तर बाई म्हणायची, थ्री फेज उपलब्ध नाही. "अगं बये, लाइट आलीय, बाळू तिथं उभा आहे, तोच सांगतोय ना!" असं अप्पा गॅलरीत उभे राहून ओरडायचे. बाई तेवढ्याच शांतपणे तेच वाक्य पुन्हा म्हणायची. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना बरेच दिवस वाटत होतं की अप्पांचं घरात काही तरी बिनसलंय.

शेवटी वैतागून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं आणि पेटी ऑटोवर टाकून घेतली. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. फोन नको, बाई नको, बाळूही नको.

ऑटोस्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना पुनःपुन्हा सांगत असतं. लाइट येताक्षणी साऱ्या मोटरी एकदम ओढ घेतात आणि डीपी जळते. म्हणून चांगल्या स्टार्टरमध्ये लाइट आल्यावर जरा थांबून मोटर सुरू करायची सोय असते. अप्पांच्या पेटीत हे थांबणं दोन मिनिटांचं होतं. पण दोन मिनिटांत पलीकडच्या हिस्सेदाराची मोटर पाणी ओढायला लागायची. अप्पांनी फोनवरून मिस्त्रीला सांगितलं, "ते थांबणं काढून टाक." मिस्त्रीने खिळा फिरवून वेळ शून्यावर आणली, शंभर रुपये घेतले आणि चहा पिऊन गेला. केबलचोरांचा सुळसुळाट होता म्हणून पेटीला कुलूप लावलं. किल्ली अप्पांच्या जुडग्यात, तालुक्याला.

एप्रिलमध्ये मोटर जाम झाली. लाइट नुकतीच गेली होती. अप्पांचा फोन आला, "बाळू, आता लाइट रात्री दहाला येईल. तोवर मोकळी करून ठेव." जाम मोटर मोकळी करायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या बाजूची जाळी चार स्क्रू काढून उतरवायची आणि आतला पंखा हाताने मागे-पुढे हलवायचा. एकदा का दांडा सुटला की मोटर मोकळी. बाळू मोटरीशेजारी उकिडवा बसला. मोबाइल पाइपाला टेकवून ठेवला होता, त्यावर आयपीएलची मॅच चालू. उजवा हात पंख्यावर आणि डोळे मॅचवर. पंखा सुटला, हलका फिरला, आणि त्याच वेळी लाइट आली. दहा वाजायला बराच वेळ होता. पेटीत खट्ट झालं आणि बाळूची दोन बोटं पेरापासून गेली.

गावात तंटामुक्ती समिती आहे. राज्यात २००७ साली मोहीम निघाली तेव्हा स्थापन झालेली. तिच्या अध्यक्ष गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. तिची बैठक ओट्यावर बसली. प्रश्न साधा होता: दवाखान्याचं बिल कुणी भरायचं?

"मी तर इथं नव्हतोच," अप्पा म्हणाले. "मोटर मी चालू केली नाही, ती आपोआप झाली."

मिस्त्री म्हणाला, "मालकाने सांगितलं तसं सेटिंग केलं. माझं काम खिळा फिरवायचं."

दुकानदार कंपनीची पुस्तिका घेऊनच आला होता. तीत अगदी बारीक इंग्रजीत छापलं होतं की दुरुस्तीआधी वीजपुरवठा बंद करावा. "कंपनीने सांगितलेलं आहे," तो म्हणाला. कुणाला सांगितलं, ते मात्र त्याला सांगता येईना.

वायरमन म्हणाला की वेळापत्रक बदलल्याचा मेसेज ग्राहकाच्या मोबाइलवर गेला होता. गेलाही असेल. ग्राहक अप्पा होते आणि विहिरीवर बाळू होता.

एवढं झाल्यावर सगळ्यांच्या नजरा बाळूकडे वळल्या. तो पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून खांबाला टेकून बसला होता. आणि मग सगळ्यांचं एकमत झालं, जे त्या बैठकीत आधी कशावरच झालं नव्हतं. मॅच कशाला बघत होता? किल्ली का नाही मागवली? चालू यंत्रात हात घालतं का कुणी? बाळूने मान खाली घालून कबूल केलं, "चुकलंच माझं."

बैठक उठायच्या बेतात आली. बाई म्हणाल्या, "बसा. मला काही सांगायचंय."

बाईंची लेक अमेरिकेत ॲरिझोनात, टेम्पी नावाच्या गावी असते. बाई तिच्याकडे राहून आल्या आहेत. तिथे बिनड्रायव्हरच्या टॅक्सीतही बसल्या. "चाक आपलं आपण फिरतं. पहिल्यांदा मी देवाचं नाव घेतलं. पुढच्या वेळी पेपर वाचत गेले. खरं सांगते, आपल्या वडापच्या जीपपेक्षा चांगली चालवते. तेव्हा यंत्र वाईट, असं मी म्हणत नाही. पण त्याच गावात असली गाडी पक्की तयार व्हायच्या आधीची गोष्ट आहे."

१८ मार्च २०१८, रविवारची रात्र. दहा वाजायला आले होते. मिल ॲव्हेन्यू नावाच्या रुंद रस्त्यावरून उबर कंपनीची व्होल्वो गाडी चाचणीसाठी निघाली होती. गाडी संगणक चालवत होता. ड्रायव्हरच्या जागेवर लक्ष ठेवायला पगारी बाई बसवलेली. अंधारातून एक एकोणपन्नास वर्षांची स्त्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. गाडीने तिला धडक दिली आणि ती गेली. स्वयंचलित गाडीखाली पादचारी दगावण्याची जगातली ही पहिली घटना.

"गाडीला ती दिसली नाही का?" कुणी तरी विचारलं.

"साडेपाच सेकंद आधी दिसली होती," बाई म्हणाल्या. "तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सगळं तपासून २०१९ साली अहवाल दिला. संगणक तिला कधी मोटार समजला, कधी आणखी काही, कधी सायकल. दर वेळी मत बदललं की आधीचं सगळं विसरायचा, म्हणून ती कुठे निघालीय याचा त्याला अंदाजच येईना. झेब्रा पट्टे सोडून माणूस मधूनच रस्ता ओलांडू शकतो, हे त्याला शिकवलेलंच नव्हतं. आपल्या एसटी स्टँडवर एक दिवस उभा केला असता तर शिकला असता."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

"पुढचं ऐका. त्या व्होल्वोत कारखान्यातूनच आपोआप ब्रेक लागायची सोय होती. संगणक चालवत असताना ती बंद ठेवलेली, गाडीने वेडंवाकडं वागू नये म्हणून. आणि संगणकाला स्वतःला धोका दिसला तरी एक सेकंद थांबायचं, असं सांगून ठेवलं होतं. का, तर उगीच भास होऊन करकचून ब्रेक लागायला नकोत. अप्पा, तुम्ही थांबणं काढून टाकलंत, त्यांनी थांबणं घातलं. कारण दोन्हीकडे एकच: आपली गाडी पुढे राहावी."

अप्पा काही बोलले नाहीत.

"आणि ती गाडीत बसवलेली बाई?" मिस्त्रीने विचारलं.

"ती मोबाइलवर गाण्यांचा कार्यक्रम बघत होती."

ओटा एकदम मोकळा झाला. म्हणजे बाळूसारखीच! हे ऐकायलाच जणू सगळे बसले होते.

"हो, बाळूसारखीच," बाई म्हणाल्या. "तिची चूक होतीच, मंडळानेही ती पहिली चूक धरली. पण तिथे ते थांबले नाहीत. आधी गाडीत दोन माणसं असायची, कंपनीने एक कमी केलं, हे लिहिलं. जे यंत्र बहुतेक वेळा बरोबर चालतं, त्यावर नुसती नजर ठेवत बसवलं की माणसाचं मन हटकून दुसरीकडे जातं. हे ठाऊक असून कंपनीने त्यावर उपाय केला नाही, हेही लिहिलं. राज्य सरकारने पुरेशी देखरेख केली नाही, तेही लिहिलं. अहवाल असा झाला. आता खटल्याचं सांगते. कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही, असं सरकारी वकिलाने २०१९ मध्येच सांगून टाकलं. खटला उभा राहिला त्या एकट्या बाईवर. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, तीन वर्षं देखरेखीखाली राहायची शिक्षा झाली. शेवटचा हात तिचा होता ना! शेवटचा हात सापडायला सोपा असतो."

मिस्त्री हुशार. तो म्हणाला, "बाई, ते अमेरिकेचं झालं. आपल्या पलीकडे मुळेच्या खोऱ्यात, कोतूळजवळ, मॅप बघत बघत गाडी रात्री पाण्यात गेली, २०२१ साली. पुलावर दरवर्षी धरणाचं पाणी चढतं, हे पंचक्रोशीला माहीत, मॅपला नाही. माणूस बुडून मेला. मॅपवाल्याला कुणी धरलं?"

"नाही धरलं, म्हणून बरोबर झालं का?" बाई म्हणाल्या. "२०२४ मध्ये बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी नदीत पडून तीन माणसं गेली, तेव्हा पोलिसांनी बांधकाम खात्याच्या इंजिनिअरांसोबत मॅपच्या अधिकाऱ्यालाही गुन्ह्यात धरलं होतं. म्हणजे धरायचं म्हटलं तर धरता येतं. ब्रिटनने तर त्याच वर्षी कायदाच केला. मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असेल, तेव्हा तिच्या चालवण्याचा जाब आत बसलेल्या माणसाला विचारायचा नाही. ज्या कंपनीने ती रस्त्यावर आणली, तिला विचारायचा."

"आपल्याकडे नाही येणार त्या गाड्या," सरपंच म्हणाले. "गडकरीसाहेब नागपुरात बोललेत. ड्रायव्हर लोकांच्या पोटावर पाय येईल, मी येऊ देणार नाही म्हणाले."

"गाड्या येवोत न येवोत, मोटरी तर आल्या," बाई म्हणाल्या. "आणि कामावर गडी जखमी झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. तेव्हा ऑटोस्विचही नव्हता आणि मोबाइलही."

त्यांनी अप्पांना तीनच गोष्टी विचारल्या. लाइट आली की मोटर सुरू व्हावी, हे कुणी ठरवलं? थांबायची दोन मिनिटं कुणी काढली? किल्ली कुणाकडे होती? आणि चौथं उगीचच विचारावं तसं विचारलं, "मोटर आपोआप चालायची तेव्हा ऊस कुणाचा भिजायचा? बाळूचा?"

अप्पा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. माणूस वाईट नव्हे. दवाखान्यात बाळूला त्यांनीच गाडीत घालून नेलं होतं. "माझाच," ते म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "पण बाई, तो पलीकडचा थांबत नाही, म्हणून मला..." पलीकडचा हिस्सेदार तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने पायातली चप्पल नीट केली.

निकाल नोंदवहीत लिहिला गेला, तो असा. दवाखान्याचा सगळा खर्च आणि बाळूचा सालाचा पूर्ण पगार अप्पांनी द्यावा; हात बरा होईपर्यंत त्याच्याकडून काम घेऊ नये. मिस्त्रीने थांबायची वेळ काढताना गड्याला काही सांगितलं नाही, म्हणून त्याने पाच हजार भरावेत. दुकानदाराने पुस्तिकेतली ती ओळ मराठीत ठळक रंगवून तिन्ही पेट्यांवर लावावी. किल्ली विहिरीजवळ राहणाऱ्याकडे राहील. बाळूने काम करताना मोबाइल बाजूला ठेवावा. त्याच्या चुकीची शिक्षा त्याला झालेली आहे, आणखी दंड नाही. तिन्ही मोटरींचं थांबणं दोन मिनिटांवर ठेवावं आणि ज्याचं कमी सापडेल त्याची पाण्याची पाळी आठवडाभर बंद.

दुकानदाराने कुरकुर केली, बाकीच्यांनी सह्या केल्या. बाळूने डाव्या हाताने अंगठा उठवला. मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी तिन्ही पेट्या उघडून वेळ लावून दिली; या खेपेला पैसे घेतले नाहीत.

डीपी मात्र मे महिन्यात जळायची ती जळलीच. त्याच डीपीवर आणखी अकरा विहिरी आहेत आणि त्यांच्या मालकांना कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं.