बालकाची संमती

तारा लावून दात सरळ ओळीत आणण्यासाठी दंतवैद्य जेव्हा तेरा वर्षांच्या मुलीच्या चार निरोगी उपदाढा काढण्याचा सल्ला देतो आणि पिता संमतिपत्रावर सही करतो, तेव्हा काही जणांत दातांची मुळे आखूड होतात, पुढे दीर्घकाळ रिटेनर वापरावा लागतो आणि उपचार न करणे हाही एक मार्ग असतो, हे तिला कोणी सांगितले काय, हा प्रश्न मला कायद्याइतकाच धर्माचाही वाटतो. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके आधी सांगणे वैद्यावर बंधनकारक ठरविले. परंतु अज्ञान मुलाच्या बाबतीत ही सारी माहिती बहुधा पालकापाशीच थांबते. पालकाचा अखत्यार मालकाचा नव्हे, विश्वस्ताचा आहे. कठोपनिषदातील नचिकेत्याने स्वतःच्याच दानाविषयी पित्याला तीनदा विचारले. पिता संतापला, परंपरेने मात्र त्या बालकालाच ब्रह्मविद्येचा अधिकारी मानले. प्राणसंकटात विचारण्यास अवकाश नसतो, हे मान्य. दातांच्या बाबतीत तो बहुधा असतो. मुलगी ‘आता नको’ म्हणाली, तर वाढीच्या वयाशी निगडित उपचाराची मुदत तिला समजावून द्यावी, आणि तरीही ती नकारावर ठाम राहिली, तर पित्याची सही हाती असूनही दंतवैद्याने थांबावे.