ढेकूण आणि अहिंसा

बाजेच्या सांध्यांत दिवसभर दडून राहणारा ढेकूण रात्री रक्त शोषताना ते गोठू नये म्हणून जी लाळ त्वचेत सोडतो, तिला शरीराने केलेला प्रतिकार म्हणजेच सकाळी मानेवर, मनगटावर, पुष्कळदा एका ओळीत उठलेल्या त्या लालसर गांधी होत. आणि एकाच अंथरुणातील दोघांपैकी एकाचेच अंग सुजावे, याचे कारणही ह्या प्रतिकाराच्या तारतम्यात आहे. खाजवून खाजवून कातडे सोलवटलेल्या लेकराची आई ढेकूण मारायला उकळत्या पाण्याचे भांडे उचलते, तेव्हा ती पापाची धनीण होते काय?

जैन आचारधर्माने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार मानून गृहस्थाला संकल्पी, म्हणजे निव्वळ मारण्याच्याच हेतूने केलेली, हिंसा तेवढी सर्वथा वर्ज्य ठरविली आहे. त्या मातेचे कृत्य मी निःशंकपणे विरोधी हिंसेच्या, म्हणजे संरक्षणाच्या सदरात घालीन. परंतु श्वेतांबर साधू आपली वस्त्रे व उपकरणे नित्य न्याहाळून पाहतात, ते प्रतिलेखन मला त्याहून मोलाचे वाटते. कारण भिंतीच्या भेगा बुजविल्या, गादीच्या शिवणी वरचेवर तपासल्या, परगावाहून आलेली वळकटी ओसरीवरच उलगडून झाडली, तर मारण्याचा प्रसंगच क्वचित येतो. मात्र चाळीत एका बिऱ्हाडाने एवढे करूनही ढेकूण शेजारच्या भिंतीतून परततात. तेव्हा दुरुस्तीत कसूर करणाऱ्या मालकाच्या खातीही त्या हिंसेचा हिस्सा मांडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.