पुलाचे दोन मजले

मिन्यो नदीच्या एका काठावर पोर्तुगालचे वालेन्सा, दुसऱ्या काठावर स्पेनचे तुई. दोन्हींना जोडणारा लोखंडी पूल 1886 साली खुला झाला. पूल दुमजली आहे. वरून रेल्वे जाते, खालून मोटारी आणि पायी चालणारे. पोर्तोहून विगोकडे निघालेली ‘सेल्ता’ गाडी वरून धडधडत जाते, तेव्हा खाली पाठीवरच्या पिशवीला यात्रेकरूची खूण म्हणून शिंपला टांगलेली माणसे एकामागे एक चाललेली असतात. पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असल्यामुळे नदी ओलांडताना दोघांचाही एक तास हरवतो. चालणाऱ्याला त्याचे काय! गाडीतल्याचा अडीच तासांच्या आतला प्रवास मात्र घड्याळात तीन तासांच्या वर जातो.

समजा, दोघांनाही सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला जायचे आहे. परंपरेप्रमाणे तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य संत याकोब याची कबर आहे. पोर्तोपासून मोटारीने साधारण 230 किलोमीटर, अडीच तास. बसला चारेक तास. रेल्वेने विगोला गाडी बदलावी लागते. सेल्ता उतरवते एका स्थानकावर आणि पुढच्या बऱ्याच वेगवान गाड्या सुटतात दुसऱ्याच स्थानकावरून, त्यामुळे सामान ओढत थोडी पायपीट रेल्वेवाल्यालाही चुकत नाही. सायकलने चार-पाच दिवस. पायी मधल्या वाटेने 240 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दहा-बारा दिवस. हिशेबी माणूस याला द्राविडी प्राणायाम म्हणेल.

पण सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयाचा हिशेब वेगळा आहे. पायी किंवा घोड्यावरून किमान 100 किलोमीटर, सायकलने किमान 200 किलोमीटर, आणि वाटेत घेतलेल्या शिक्क्यांचा पुरावा, एवढे असेल तरच ‘कोम्पोस्तेला’ हे लॅटिन प्रमाणपत्र मिळते. येण्याचे कारणही विचारतात. ते धार्मिक किंवा आध्यात्मिक नसेल तर स्वागताचा वेगळा कागद हाती ठेवतात. शिक्के तपासता येतात. कारण मात्र समोरचा सांगेल तेच धरावे लागते.

मग बसने येऊन त्याच कबरीपुढे गुडघे टेकणाऱ्याच्या पदरात कमी पुण्य पडते का?

इथे खुद्द चर्चचेच उत्तर गमतीदार आहे. 25 जुलैला, म्हणजे संत याकोबाच्या सणाला, रविवार येतो ते सान्तियागोचे पवित्र वर्ष. पुढचे 2027 मध्ये. त्या वर्षी पापांच्या शिक्षेची संपूर्ण माफी मिळते. त्यासाठी कबरीचे दर्शन, प्रार्थना, कुमसार म्हणजे पापांची कबुली, आणि कम्युनियन एवढे हवे. कसे आलात, हे कोणी विचारत नाही. विमानाने या, टॅक्सीने या. म्हणजे माफीला किलोमीटरची अट नाही आणि प्रमाणपत्राला आहे. कागद कडक आणि कृपा सैल, असा हा मामला.

याच्या मागे जुना वाद आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने बजावले होते की एखादी गोष्ट जास्त अवघड आहे म्हणून ती जास्त पुण्याची ठरत नाही. पुण्य कर्माच्या चांगुलपणातून येते, घामातून नव्हे. त्याच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकात, निसाचा बिशप ग्रेगरी जेरुसलेमला जाऊन आला आणि जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, असे पत्रात लिहून मोकळा झाला. तो गेला होता सरकारी गाडीतून. त्याच पत्रात तो सांगतो की ती गाडीच त्यांचे देऊळ आणि मठ झाली होती, कारण आतली सगळी मंडळी वाटभर उपास करत स्तोत्रे गात होती. वाहनात बसूनही यात्रा होते, याची एवढी जुनी साक्ष क्वचितच सापडेल.

दंतकथा तर नियमांची पार भंबेरी उडवते. याकोबाचे शव पॅलेस्टाइनहून होडीतून आले आणि पाद्रोन गावी ती होडी ज्या दगडाला बांधली, तो दगड तिथल्या चर्चमध्ये वेदीखाली अजून दाखवतात. पुढचा सुमारे 25 किलोमीटरचा प्रवास बैलगाडीतून. संताला आजच्या खिडकीपाशी उभे केले, तर बैलगाडी कोणत्या रकान्यात लिहायची, असा प्रश्न कारकुनाला पडेल.

आधुनिक काळातही हीच सरमिसळ आहे. सान्तियागोला येणाऱ्या फ्रेंच वाटेवर दिशादर्शक पिवळे बाण रंगवायची सुरुवात 1984 साली ओ सेब्रेरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी केली, ती आपली सित्रोएन मोटार रंगाच्या डब्यांनी भरून. चालणाऱ्यांची वाट मोटारीतून आखली गेली. आज तसेच बाण पोर्तोच्या वाटेवरही आहेत. पाठीवरची पिशवी स्पेनचे टपाल खाते पैसे घेऊन पुढच्या मुक्कामी पोचवते आणि माणूस हात हलवत चालतो. यावर नाक मुरडणारे कट्टर यात्रेकरू पुष्कळ भेटतात. मराठी वाचकाला यात वावगे वाटू नये. आपल्या दिंड्यांचे तंबू आणि भांडीकुंडी ट्रकमधूनच पुढे जातात, आणि पंढरपुरात एसटीने आलेल्याकडे शिक्क्यांची वही कोणी मागत नाही.

तेव्हा कष्ट हे काही चालण्याच्या मोठेपणाचे खरे कारण दिसत नाही. फरक दुसरीकडे आहे. गाडीतला माणूस तिकीट काढतो तिथेच त्याचा व्यवहार संपतो; वाटेतल्या गावांशी त्याचे देणेघेणे उरत नाही. चालणाऱ्याचे तसे नसते. त्याला दर काही तासांनी कोणाकडे तरी पाणी मागावे लागते, रस्ता विचारावा लागतो, फोड आलेल्या पायाला पट्टी मागावी लागते, रात्री अनोळखी माणसांच्या घोरण्यात झोपावे लागते. तो रोज कोणाचा तरी ऋणी होतो. बाराव्या शतकात ‘लिबेर सांक्ती याकोबी’ या ग्रंथात यात्रेकरूंसाठी जी मार्गदर्शिका लिहिली गेली, तिचे शेवटचे प्रकरण कबरीबद्दल नाही. यात्रेकरूंचे स्वागत कसे करावे, याबद्दल आहे. त्यात एका बाईची गोष्ट आहे. राखेत पाव भाजत ठेवलेला असताना तिने यात्रेकरूला ‘घरात काही नाही’ म्हणून सांगितले, आणि नंतर बघते तो पावाच्या जागी गोल दगड. पुवातिये शहरातली गोष्ट आणखी जहाल: आसरा नाकारणाऱ्या गल्लीतली घरे रात्रीत जळाली, पाहुण्यांना घेणारे तेवढे वाचले.

या गोष्टींत परीक्षा चालणाऱ्याची नाही, दार उघडणाऱ्याची आहे. गाडीने जाणारा माणूस कोणाचे दारच ठोठावत नाही, त्यामुळे ती परीक्षाही होत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात हे असेल-नसेल; 100 किलोमीटरची अट घातल्यामुळे निदान तीन-चार रात्री दुसऱ्याच्या छपराखाली काढाव्या लागतात, हे खरे.

तुईपासून सान्तियागो 115 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून पोर्तुगीज वाटेने जाणारे बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. त्यांतले काही पोर्तोहून सेल्तानेच वालेन्सापर्यंत येतात. स्थानकावर उतरतात, चहा-कॉफी घेतात, जुन्या किल्ल्यातून वाट काढत नदीकडे जातात आणि पुलाच्या खालच्या मजल्यावर पाऊल टाकतात. त्यांना घेऊन आलेली गाडी एव्हाना विगोच्या वाटेला लागलेली असते. पलीकडे तुईच्या कॅथेड्रलमध्ये वहीवर शिक्का पडतो, आणि मनगटावरचे घड्याळ एक तास पुढे सरकवायचे राहूनच जाते.