लहानाचे स्वातंत्र्य कोण राखतो?



बलाढ्य, एकतंत्री शेजाऱ्यांमध्ये छोट्या लोकशाहीने टिकावे कसे? भीतीपोटी ती म्हणू लागते, 'आधी सुरक्षितता, मग स्वातंत्र्य.' पण शेजाऱ्याला दूर ठेवता ठेवता आपणच त्याच्यासारखे झालो, तर राखायचे उरले काय?

साताऱ्याकडचे औंध संस्थान आठवा. अवघी ७२ गावे, तीही विखुरलेली. वर ब्रिटिश सत्ता, सभोवती राजेशाही संस्थाने. तरीही १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, पण त्यांनी ती परत घेतली नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले. सीमा पुसल्या, माणसे मात्र स्वतंत्र भारताचे नागरिक झाली.

शस्त्रे आणि मित्र लागतातच. स्वसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभाही मानते. पण राज्यात ज्याचा वाटा, तोच ते जिवापाड राखतो. आणि दुबळ्याला गिळण्याचा अधिकार देवाने कोणत्याही बलवानाला दिलेला नाही.

आज मिस्सामध्ये अशा छोट्या देशांसाठी, तसेच त्यांच्या बलाढ्य शेजाऱ्यांच्या सद्बुद्धीसाठी प्रार्थना करू या.